पेनड्राइव्हचा बंदोबस्त

भाऊंच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर रबरबँड, आणि तो रबरबँड सैल पडलाच तर असावा म्हणून खणात दुसरा. सोफ्यावर चादर, आणि चादर मळू नये म्हणून चादरीवर टॉवेल. सोफ्याचा खरा रंग कोणता याबद्दल घरात दोन मतं होती, पण उघडून बघायला भाऊंची परवानगी नव्हती. कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी झाली, तिथे पाठीमागे सगळे त्यांना 'कव्हरसाहेब' म्हणत. भाऊंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ती पदवीच वाटायची. वस्तू वापरणारे पुष्कळ असतात, राखणारा एखादाच असतो, असं ते म्हणत. आणि म्हणता म्हणता पिशवीतून रिमोटचं बटण अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबत.

अशा माणसावर एका व्यक्तीचा मात्र काडीचा विश्वास नव्हता. ती म्हणजे त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्काची छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून गेली होती. मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिच्यासमोर हात धुऊन आलो हे आधी सांगत. भाऊ दहा वर्षांचे असताना त्यांनी अक्काचं नवं शाईपेन 'आतून साफ करून देतो' म्हणून घेतलं होतं. ते पेन अजून साफच होतंय, असं अक्का गेली बावन्न वर्षं सांगत आली होती, आणि तेही नेमकं चार माणसांत.

त्यामुळे यंदा अक्काने स्वतः होऊन भाऊंच्या हातात कॅसेट ठेवली तेव्हा घरातले सगळे हातातली कामं टाकून बघायला लागले. कॅसेटवर वडिलांच्या अक्षरात 'हिचे गाणे' असं लिहिलं होतं. वडिलांनी एका स्नेह्याकडून एक दिवसासाठी टेपरेकॉर्डर मागून आणला होता, तेव्हाचं ते. आई छान गायची. तिच्या आवाजाचं दुसरं काहीच कुठे राहिलेलं नव्हतं. आई गेल्यावर ती कॅसेट लावायची कुणाची छाती होईना, आणि छाती झाली तोवर फीत इतकी जुनी झाली होती की लावली तर तुटेल अशी भीती. आता अक्का कायमची परदेशात, मुलीकडे निघाली होती, रविवारी. परत येणं होईल असं तिला स्वतःलाही वाटत नव्हतं.

"बाळ्या, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव," ती म्हणाली. "आणि माझ्याआधी ऐकायचं नाहीस. दोघांनी बसून ऐकायचं."

भाऊंनी मान डोलावली. बासष्टाव्या वर्षी 'बाळ्या' ऐकून घेणं त्यांना इतरांसमोर जड जायचं, पण त्या दिवशी गेलं नाही.

कॅसेटवरचा आवाज उतरवून देणारा एक दुकानदार होता. फीत एकदाच चालली आणि अगदी शेवटाला तुटली. "पण आलंय सगळं," तो म्हणाला. "मी ऐकत नाही कधी, काटा हलतोय ना एवढं बघतो. आणि माझ्या मशीनवर काही ठेवत नाही, गिऱ्हाइकांचं खासगी असतं." म्हणजे आता आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण भाऊंच्या शर्टाच्या खिशात, बोटाच्या एका पेराएवढं होतं. भाऊ घरी भिंतीच्या कडेकडेने चालत आले.

आल्याबरोबर त्यांनी बंदोबस्त केला. पोस्टाची तिकिटं उचलायचा बारीक चिमटा, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन ते खिडकीपाशी तासभर बसले. मग पेनड्राइव्ह पाऊचमध्ये, पाऊच डबीत, डबीवर लेबल. लेबलावर चिकटपट्टी, शाई फिसकटू नये म्हणून. असा तो जिन्नस कपाटात दोन आठवडे सुखाने राहिला.

गुरुवारी सकाळी त्यांना वाटलं, अक्का शनिवारी यायची, त्याआधी एकदा संगणकाला लावून बघावं. ऐकायचं नव्हतं. संगणक त्याला ओळखतो का, एवढंच बघायचं होतं.

संगणकाने ओळखलं नाही.

नाराजी दाखवली असती तरी चाललं असतं. पण ना आवाज, ना दिवा, ना पडद्यावर एखादी सूचना. भाऊंनी काढून पुन्हा घातला. जरा घट्ट जात होता. मग त्यांनी संगणक बंद करून चालू केला, तोवर हात मांडीवर ठेवून बसले, आणि पुन्हा घातला. लग्नात ओळख न देणाऱ्या नातेवाइकासारखा तो संगणक सरळ पलीकडे बघत राहिला.

समोरच्या दारात राहणारे निवृत्त बँकवाले रोज नवाला पेपर मागायला येत. ते आले आणि परिस्थिती बघून पेपर विसरले. दुसऱ्याच्या घरात काही बिघडलं की त्यांचा चेहरा खुलायचा. मनाने वाईट नव्हते, वेळ जात नसे इतकंच.

"उलटा घालून बघा," ते म्हणाले.

"उलटा जात नाही."

"मग सुलटा घाला. आणा, मी घालतो."

"नको," भाऊ म्हणाले, "मीच घालतो." हे वाक्य ते पुढचे तीन दिवस सगळ्यांना सांगणार होते. पेनड्राइव्हला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक उतरले. ते इतिहास शिकवायचे, पण मत त्यांना सगळ्याच विषयांत होतं. पुढच्या खाचेत वीज कमी येते, मागच्या खाचेत घाला, असं त्यांनी सांगितलं. मागची खाच भिंतीकडे होती. म्हणून तिघांनी टेबल ओढलं. टेबलाबरोबर एक वायर आली, वायरीबरोबर इंटरनेटचा डबा आला, आणि तो आपल्या कव्हरासकट कपाटामागे पडला. डबा काढायला कपाट सरकवावं लागलं, कपाट सरकवायला ते रिकामं करावं लागलं. अकराच्या सुमाराला भाऊंची बायको, म्हणजे शेजारपाजारच्या वहिनी, बाजारातून आल्या, तर हॉलमध्ये पलंगपोस, औषधं, जुने अल्बम आणि दोन शेजारी पसरलेले होते.

"काय शोधताय?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," तिघंही एकदम म्हणाले.

मागच्या खाचेतही काही झालं नाही. जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एक यादी संगणकात असते, प्राध्यापकांनी ती उघडायला लावली. तिच्यात पिवळं चिन्ह असलेलं काढून टाकायचं, मग ते आपोआप नीट होऊन परत येतं, असा त्यांचा वाचनात आलेला उपाय होता. यादीत पिवळं काहीच नव्हतं. "मग यूएसबीचं जे जे दिसेल ते सगळंच काढा," प्राध्यापक म्हणाले. "पाया स्वच्छ करायचा." भाऊ एकेक ओळ काढत गेले. तिसऱ्या ओळीला माउस मेला, कारण माउसही त्याच जातीच्या खाचेत होता. बँकवाल्यांनी कीबोर्ड पुढे केला. भाऊंनी कीबोर्डवरून आणखी एक ओळ काढली आणि कीबोर्डही गेला. पडद्यावर एक चौकट आली: संगणक पुन्हा सुरू करायचा का? खाली 'हो' आणि 'नाही'. आता दाबायला काहीच हाताशी नव्हतं. तीन सुशिक्षित माणसं त्या प्रश्नासमोर चहा थंड होईपर्यंत बसून राहिली. उत्तर तिघांनाही येत होतं.

शेवटी वहिनींनी स्वयंपाकघरातून येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

संगणक सुरू झाला. माउस आला, कीबोर्ड आला, पेनड्राइव्ह तेवढा आला नाही. जाताना बँकवाले म्हणाले की दमट हवेने असं होतं, रात्रभर तांदळात ठेवा. भाऊंनी डबीसकट ठेवला. शुक्रवारी सकाळी कळलं की वहिनींनी संध्याकाळी तांदळाचा डबा बदलला होता. मग दहा किलो तांदूळ वर्तमानपत्रांवर पसरून शोधणं आलं. डबीत एक दाणाही शिरला नव्हता. आपल्या बंदोबस्ताचं भाऊंना तेवढ्यातही बरं वाटलं.

पण डबी पुसून ठेवताना दुसराच विचार आला. हे गेलं तर अक्काला काय सांगायचं? शाईपेनाचं तिने बावन्न वर्षं ऐकवलं. हे ती ऐकवणारही नाही. नुसती बघेल आणि विमानात बसेल. भाऊंना खरोखर भीती वाटली, आणि भीती वाटली की ते इस्त्रीचा शर्ट घालत. तो घालून ते आपल्या जुन्या कचेरीत गेले.

तिथे संगणक कक्षात चांगली यंत्रं होती. कक्षातली मुलगी उठून उभी राहिली, बसा सर म्हणाली, पाणी दिलं. भाऊंनी डबी उघडायला घेतली तशी ती म्हणाली, "सर, पेनड्राइव्ह लावता येत नाही इथे."

"माझा आहे," भाऊ म्हणाले.

"हो सर. पण परिपत्रक आहे." तिने भिंतीवरची फ्रेम दाखवली. परिपत्रक काचेत लावलं होतं, त्यावर पारदर्शक कागदही होता. खाली सही भाऊंची होती.

भाऊंनी चष्मा लावून चौथा परिच्छेद वाचला. 'कोणत्याही सबबीवर, कितीही निकड असली तरी, आजी वा माजी कर्मचाऱ्याचे बाह्य साधन जोडू देऊ नये.' त्यातलं 'वा माजी' हे मूळ मसुद्यात नव्हतं. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, माजी कशाला, ते कशाला येतील? भाऊंनी स्वतःच्या हाताने ते घातलं होतं. सगळ्या यंत्रांच्या खाचांवर कागदाची सीलं होती आणि प्रत्येक सीलवर त्यांचीच आद्याक्षरं होती, एकही उचकटलेलं नव्हतं.

"भाषा चांगली आहे," भाऊ म्हणाले.

"अजून कुणाला पळवाट सापडली नाही सर," मुलगी मनापासून म्हणाली.

असा सत्कार घेऊन ते बाहेर पडले. तिनेच दिलेल्या पत्त्यावर, बिघडलेल्या साधनांतून माहिती काढून देणारा एक तज्ज्ञ बसत होता. तो काचेपलीकडे होता आणि काचेला हात जाईल एवढंच भोक होतं. भाऊंनी डबी पुढे केली.

"आधी फॉर्म," तज्ज्ञ म्हणाला. "फॉर्म पुरा झाल्याशिवाय मी वस्तूला हात लावत नाही."

एरवी भाऊंना हा माणूस आवडला असता. ते फॉर्म भरायला बसले. साधनाचा प्रकार. खरेदीची तारीख. माहितीचं स्वरूप: व्यावसायिक, वैयक्तिक की इतर. इतर असल्यास तपशील. भाऊंनी 'आईचा आवाज' असं लिहिलं. ते लिहिलेलं बघून त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. पुढचा रकाना होता, माहितीचं महत्त्व: कमी, मध्यम, जास्त. त्यांनी 'जास्त'वर खूण केली, मग ती पुरेशी दिसेना म्हणून पुन्हा गिरवली. शेवटी छापलं होतं की तीन आठवडे लागतील, हमी नाही, आणि वस्तू फोडून आतली चिप काढण्यास माझी हरकत नाही. खाली सहीची जागा.

आयुष्यात हजारो कागदांवर सही केलेल्या त्या माणसाचा हात तिथे थांबला. ते फॉर्म घडी करून, पाऊचमध्ये घालून घरी आले.

शनिवारी दुपारी अक्का आली. सोबत एक मोठी बॅग होती. आल्या आल्या तिने पाय धुतले, पाणी प्यायली आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसली. "लाव," म्हणाली.

"आधी चहा घे."

"चहा ऐकताना घेईन."

"संगणक जरा... दमलाय. काल फार काम झालं."

अक्काने छत्तीस वर्षं पथ्य मोडलेले रुग्ण बघितले होते. तिने भावाकडे तसंच बघितलं. "बाळ्या, काय केलंस?"

भाऊंनी सगळं सांगितलं. कॅसेट तुटली ते, संगणक ओळखत नाही ते, तांदूळ, परिपत्रक, फॉर्म. वहिनी दारात उभ्या होत्या. पेपर परत द्यायला म्हणून आलेले बँकवाले त्यांच्यामागे उभे होते. वरून प्राध्यापकही आले होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. भाऊ शाईपेनाची वाट बघत होते. शाईपेन निघालं असतं तर त्यांना हायसं वाटलं असतं. ते निघालं नाही. अक्का पदराने चष्मा पुसत राहिली, आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मला तिचा आवाज आठवत नाही रे आता," ती म्हणाली. "तोंड आठवतं, हात आठवतात. आवाज गेलाय. म्हणून दिली होती."

भाऊंनी डबी उघडली, पाऊच उघडला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पेनड्राइव्ह दुसऱ्याच्या हातात दिला.

अक्का उठून खिडकीशी गेली. तिने तो उजेडात धरला, आडवा केला, नाकाजवळ आणला. "हे काय आहे?"

"काय?"

"आत. या चौकटीच्या आत सोनेरी पट्ट्या आहेत, त्यांच्यावर काय आहे?"

"ती चिकटपट्टी," भाऊ म्हणाले. "पट्ट्या उघड्याच होत्या. धूळ बसली असती, म्हणून मी..." आणि बोलता बोलता त्यांना कळलं. आधी कळलं असतं तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

बँकवाले खोकले. प्राध्यापक म्हणाले की वीज जाऊ न देणाऱ्या पदार्थांचा मुद्दा ते मांडणारच होते. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या, आणि आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखा आवाज येत राहिला.

"चिमटा आण," अक्का म्हणाली.

तिने तिकिटांचा तोच चिमटा आत घातला. आयुष्यभर जखमांवरच्या पट्ट्या काढलेला हात तो. एका झटक्यात ओढलं आणि नखाएवढा पारदर्शक तुकडा बाहेर आला, कडेने इतका सरळ कापलेला की अक्काही क्षणभर बघत राहिली. पेनड्राइव्ह खाचेत अलगद गेला. संगणकाने टिंग असा आवाज केला. भाऊ मटकन सोफ्यावर बसले, थेट टॉवेलवर.

शेजाऱ्यांना वहिनींनी चहाच्या निमित्ताने आत बोलावून घेतलं. हॉलमध्ये बहीणभाऊ दोघंच उरले. अक्काने फाइल लावली.

आधी नुसती खरखर. मग गादीखालून आल्यासारखा वडिलांचा आवाज. यंत्र चालत नाही म्हणून ते वैतागले होते. काटा हलत नाही, उद्या परत द्यायचंय, दहा वेळा बटण दाबलं. मग दुसरा आवाज आला, तो बारीक, पण अगदी शांत.

"अहो, इथे बघा. या भोकांवर काहीतरी चिकटवलंय."

काहीतरी टरकन ओढल्याचा आवाज झाला आणि सगळं एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं. जणू ती माणसं याच खोलीत होती.

"कुणाचा उद्योग हा?" वडील.

"याचाच! बाळ्याचा!" ही चौदा वर्षांची अक्का, तारस्वरात. "गाढव कुठला! दुसऱ्याची वस्तू आहे ती! तुला कळतं का रे काही?"

"ओरडू नकोस गं त्याच्यावर," आई म्हणाली. "धूळ जाऊ नये म्हणून केलं असेल त्याने. किती निगुतीने कापलंय बघ. हो ना रे बाळ्या?"

कुणीतरी लहान मुलाने नाक ओढलं.

"झालं, आता सुरू करतो," वडील म्हणाले. "म्हण तू."

आईने घसा साफ केला. खट्ट. फाइल संपली. इतका वेळ चालूच असलेलं यंत्र वडिलांनी नेमकं तेव्हा बंद केलं होतं. गाणं त्यात नव्हतंच.

अक्काने पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्यांदा आईचं वाक्य आलं तेव्हा तिने पडद्याकडे बघत भाऊंच्या हातावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. दोघं रडत होती आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. चहा दोन वेळा आला आणि दोन वेळा थंड झाला.

रविवारी निघताना बॅगा दारात होत्या. वहिनींनी सकाळीच फाइलीच्या तीन प्रती तीन ठिकाणी काढून ठेवल्या होत्या, कुणाला न विचारता. अक्काने पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि भावासमोर धरला.

"बाळ्या, तुझी ती पट्टी लाव यात. प्रवासात धूळ फार असते."

भाऊंनी तिच्याकडे नीट बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. ते कात्री आणि चिमटा घेऊन खिडकीशी बसले, गाडीवाला खालून हॉर्न देत होता तरी घाई केली नाही, आणि या खेपेला ओढून काढायला सोपं जावं म्हणून पट्टीला एक लहानसं शेपूट ठेवलं.